तबकडी आणि पाटी

दिवाळी सरते, धानाची कापणी हाताशी येते आणि झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील वनराईच्या प्रदेशाला झाडीपट्टी म्हणतात. येथे प्रत्येक गावाची मंडई वेगवेगळ्या दिवशी भरते. दिवसा बाजार आणि पाहुण्यांची वर्दळ, रात्री दंडार किंवा नाटक, असा तिचा थाट असतो. साकोली तालुक्यातील सानगडी हे याच प्रदेशातील गाव. जुन्या किल्ल्यामुळे ओळखले जाणारे आणि तलावांच्या या जिल्ह्यातील इतर गावांप्रमाणेच भातशेतीवर जगणारे.

या गावातील एका घरात मंडईच्या चार दिवस आधी एक प्रश्न निघाला. बारा वर्षांच्या मुलीने विचारलेला तो प्रश्न प्रथमदर्शनी हसण्यावारी नेण्यासारखाच होता.

तिचा मोठा भाऊ अकरावीत शिकत होता. नागपूरच्या महाज्योती या संस्थेने मागास प्रवर्गांतील विद्यार्थ्यांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी टॅब दिले, त्यांपैकी एक त्याच्या वाट्याला आला होता. घरात त्या टॅबचे मोठे कौतुक. आजी त्याला ‘पाटी’ म्हणे. आणि खरे पाहता हे नाव त्याला चांगलेच शोभते. मांडीवर घ्यावी, बोटाने लिहावी, पुसावी आणि पुन्हा लिहावी, हे सारे गुण जुन्या दगडी पाटीचेच.

मुलीने ती पाटी हाती घेऊन चारही बाजूंनी न्याहाळली. एका कडेला दोन बारीक कळी होत्या, खाली वीज भरण्याचे छिद्र होते आणि वरच्या बाजूस नखाने उघडावे लागेल असे एक इवलेसे दार होते. तिने ती उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि विचारले, “दादा, हिच्यात तबकडी घालायची फट कुठे आहे?”

भाऊ मोठ्याने हसला. “तबकडी? आता तबकड्या कोण वापरतो?”

“आपण,” ती म्हणाली. “आपल्या पेटीत आहे ना!”

सुपात तांदूळ निवडत बसलेली आजी हसली नाही. तिचा हात मात्र क्षणभर थांबला.

पत्र्याच्या पेटीत, जुन्या कागदी पाकिटात, खरोखरच एक तबकडी होती. तिच्यावर काळ्या शाईने ‘मंडई’ एवढाच शब्द लिहिलेला होता. मुलीचे आजोबा दंडारीत गात असत. मुलीच्या जन्मापूर्वीच्या एका मंडईत कोणी हौशी माणसाने त्यांच्या दंडारीचे चित्रण केले आणि त्याच्या तबकड्या करून मंडळींना वाटल्या. मुलगी दोन वर्षांची असताना आजोबा वारले. त्यांचा चेहरा तिने भिंतीवरच्या तसबिरीत पाहिला होता. आवाज मात्र तिच्या स्मरणात नव्हता. तबकडी लावण्याचे घरातले यंत्र केव्हाच बिघडले आणि एके दिवशी भंगारवाल्याच्या गाडीवर गेले. तेव्हापासून आजोबांचा आवाज घरात होता, पण तो ऐकण्याचे साधन घरात नव्हते. म्हणून मुलीचा प्रश्न पोरकट नव्हता. नव्या पाटीत जुन्या तबकडीला जागा असावयास हवी होती की नाही, असेच ती विचारत होती.

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी तबकडी म्हणजे काय ते नीट पाहिले पाहिजे. कारण इतकी साधी दिसणारी आणि आत इतकी नाजूक कारागिरी असणारी वस्तू घरगुती वापरात फार थोडी असेल. ही तबकडी १२ सेंटीमीटर व्यासाची आणि जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची असते. नेदरलँड्समधील फिलिप्स आणि जपानमधील सोनी या दोन कंपन्यांनी मिळून ती सिद्ध केली आणि १९८२ साली ती जपानच्या बाजारात आली. तिच्या अंगावर मधल्या भोकाजवळ सुरू होऊन बाहेरच्या काठापर्यंत जाणारी एकच सर्पिल रेषा असते. जिलेबीचे वेटोळे घालताना हलवाई जसा हात फिरवीत नेतो तशी ही रेषा फिरत जाते. मात्र तिचे वेढे इतके दाट असतात की माणसाच्या एका केसाच्या रुंदीत चाळीसएक वेढे सहज मावतील. ही रेषा उलगडून सरळ केली तर ती पाच किलोमीटरांहून अधिक लांब भरेल.

या रेषेवर अतिसूक्ष्म खुणा असतात. लेझरचा बारीक किरण त्यांवर पडतो. कोठे तो नीट परत येतो, कोठे मंदावून येतो. प्रकाशाच्या या कमीजास्तपणातून यंत्र आकडे वाचते आणि आकड्यांतून पुन्हा आवाज व चित्र उभे करते. ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई घासत असे आणि दर वेळी तिला थोडी झिजवीत असे. येथे स्पर्शच नाही, फक्त उजेड. संगीताची तबकडी वाचताना ती मध्याजवळ मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि काठाजवळ सुमारे २००; म्हणजे काठाकडे जाता जाता ती आपली गती आपणच आवरते. संगणकातील यंत्र तर तिला याच्या अनेक पटींनी वेगाने फिरविते. एवढ्या वेगात डोलणाऱ्या तबकडीच्या अंगावरील केसाहूनही बारीक वाट न सोडता किरणाला चालावे लागते.

आता पाटीकडे वळावे. पाटीच्या पोटात चाक नाही, पट्टा नाही, गरगर फिरणारे असे जवळजवळ काहीच नाही. तिची स्मृती एका निश्चल तुकड्यात साठविलेली असते. ती हातात तिरपी धरा, उताणे पडून वाचा, बसच्या धक्क्यांत वाचा. तिला त्याचे सोयरसुतक नसते. फिरणाऱ्या तबकडीला हे कसे सोसावे? फिरणारी वस्तू आपला कल सहसा बदलू देत नाही. सायकलचे सुटे चाक आसाला धरून जोरात फिरवावे आणि मग ते तिरपे करून पाहावे; हाताला त्याचा हट्ट जाणवतो. हातातली पाटी दर घटकेला कलणारी आणि तिच्या पोटातली तबकडी कलण्यास नाखूश, असा हा न जुळणारा संसार झाला असता.

शिवाय जागेचा प्रश्न आहे. भारत सरकारच्या पुढाकाराने ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत ‘आकाश’ नावाची स्वस्त पाटी विद्यार्थ्यांसाठी सादर करण्यात आली. तिचा पडदा ७ इंचांचा, म्हणजे रुंदीला सुमारे ९ सेंटीमीटर. आणि तबकडी तर १२ सेंटीमीटरांची! पडद्यामागे ती लपणार तरी कशी? त्याआधी २७ जानेवारी २०१० रोजी ॲपल कंपनीने आपली पहिली ‘आयपॅड’ पाटी जगापुढे ठेवली. तिची संपूर्ण जाडी १३.४ मिलिमीटर होती. त्या काळी मांडीवरच्या संगणकात तबकडी वाचण्याचे जे सडपातळ यंत्र बसवीत, त्याचीच जाडी बहुधा १२.७ मिलिमीटर असे. ते यंत्र पाटीत घातले असते तर पडदा, विजेचा साठा आणि बाकीचा संसार ठेवण्यास पाऊण मिलिमीटरही उरला नसता. पुढे २०१३ साली त्याच कंपनीची पाटी ७.५ मिलिमीटरांवर आली आणि हा वाद जाडीपुरता तरी मिटला.

दोन्ही नांदविण्याचा प्रयत्न कोणी केलाच नाही असे मात्र नाही. २००७ साली एचपी कंपनीचा एक संगणक आला होता. त्याचा पडदा फिरवून कळफलकावर पालथा टाकला की त्याची पाटी होई, आणि त्याच्या कडेला तबकडीचे यंत्रही होते. पण तो होता मूळचा संगणकच. पाटी म्हणून हातात धरून उभ्या उभ्या वाचायचे म्हटले तर मनगट भरून येई. दुसऱ्याच वर्षी, २००८ साली, ॲपलने आपल्या मांडीवरच्या एका सडपातळ संगणकातून तबकडीचे यंत्र काढून टाकले आणि ज्याला हवे असेल त्याला ते वेगळे विकत दिले. तारेने जोडावे, काम झाले की काढून ठेवावे. वरवंटा स्वयंपाकघरात लागतो हे खरे. पण म्हणून कोणी तो कमरेला बांधून फिरत नाही.

येथपर्यंतचा हिशेब भावाच्या बाजूने जातो, आणि तो खोटा नाही. ७०० मेगाबाइट सामग्री सामावणाऱ्या त्या तबकडीशेजारी आजचे नखाएवढे स्मृतिपत्र ठेवून पाहावे. त्याची लांबी १५ आणि रुंदी ११ मिलिमीटर. आणि ६४ गिगाबाइटच्या एका पत्रात अशा नव्वदएक तबकड्यांचा ऐवज मावतो. पाटीच्या कडेला जे इवलेसे दार मुलीने पाहिले, ते अशाच पत्राचे होते.

तरीही मुलीची बाजू इतक्यात सोडून देता येत नाही. तबकडीचा एक मोठा गुण होता, आणि तो आकड्यांत मोजता येत नाही. ती कोणाची परवानगी मागत नसे. एकदा विकत घेतली की ती आपली; रानात, जत्रेत, जेथे टॉवरचा संदेश पोहोचत नाही अशा वाडीवस्तीवरही ती वाजे. शेजाऱ्याला द्यावी, मामाच्या गावी न्यावी, बहिणीच्या सासरी पाठवावी. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या भारतीय कंपनीने चित्रपटांच्या तबकड्या अवघ्या २८ रुपयांपासून विकण्यास आरंभ केला. तेव्हा, ज्यांनी कधी चित्रपट विकत घेतला नव्हता अशांच्या घरांतही त्या आल्या. (ही कंपनी पुढे कर्जात बुडाली आणि २०१८ साली तिच्या अवसायनाचा आदेश निघाला. तबकड्यांचे दिवस किती झपाट्याने सरले, ते यावरून दिसते.)

पाटीचे तसे नाही. तिच्यातील बरेचसे गाणे, बरीचशी चित्रे आणि पुष्कळशी पुस्तके दूरवरच्या कोठारातून येतात. आणि कोठाराचा मालक दुसराच असतो. २००९ च्या जुलै महिन्यात अमेरिकेत एक विलक्षण गोष्ट घडली. ॲमेझॉन कंपनीच्या किंडल या वाचनयंत्रावर काही वाचकांनी जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तके विकत घेतली होती. ती विकण्याचा हक्क विकणाऱ्याकडे नव्हता असे पुढे आढळले. तेव्हा कंपनीने वाचकांना पैसे परत केले आणि त्यांच्या यंत्रांतील पुस्तके दुरूनच पुसून टाकली. वाचक झोपेत असताना कोणी घरात शिरून फळीवरचे पुस्तक न्यावे आणि उशाशी पैसे ठेवावेत, तसाच हा प्रकार. त्या दोन पुस्तकांपैकी एक तर नकोशा इतिहासाचे कागद जाळणाऱ्या राजवटीविषयीचे होते! कंपनीच्या प्रमुखांनी नंतर क्षमा मागितली. पण फळीवरच्या पुस्तकाला किंवा पेटीतल्या तबकडीला अशी भीती कधीच नव्हती, हे विसरता येत नाही.

म्हणून पाटीला तबकडीची फट नको, असे म्हणताना एक अट घालावी लागते. तिला दुसरे एखादे दार तरी असले पाहिजे. नखाएवढे का होईना. ज्या दारातून घरचे गाणे घरच्या पाटीत येऊ शकते आणि कोणालाही न विचारता दुसऱ्या पाटीत जाऊ शकते, असे दार. ‘आकाश’ला स्मृतिपत्राची खाच होती. पुढे अनेक उत्पादकांनी ही खाचही बंद करण्यास सुरुवात केली. तबकडीची फट गेली याचे दुःख करण्यापेक्षा या खाचेविषयी जागरूक राहणे अधिक शहाणपणाचे. मुलांच्या अभ्यासासाठी पाटी विकत घेताना तिचा पडदा केवढा आहे हे सारेच विचारतात. कडेला दार आहे काय, हे विचारणारा विरळाच.

पण आजीच्या पेटीतल्या तबकडीचे काय? खरी निकड तेथेच होती, आणि तिचा पाटीशी संबंध नव्हता. कारखान्यात ठशाने उमटविलेल्या तबकडीच्या खुणा प्लॅस्टिकमध्ये घडविलेल्या असतात. त्या पुष्कळ टिकतात. घरी किंवा दुकानात यंत्राने ‘लिहिलेल्या’ तबकडीची गोष्ट निराळी. तिच्यावर रंगाचा एक पातळ थर असतो आणि लेझर त्यावरच डाग पाडून लिहितो. हा रंग उन्हाने व उष्णतेने हळूहळू विटतो. विदर्भातला उन्हाळा, कौलांखालची खोली आणि पत्र्याची पेटी! पंधरा वैशाख त्या तबकडीने अशा भट्टीत काढले होते. वाचणारे यंत्र कोठे ना कोठे मिळाले असते. पण वाचण्याजोगे काही उरेल किंवा नाही, याचीच शंका होती. विटलेला रंग पाटीला फट असती तरी परतला नसता.

भावाच्या ध्यानात हे कसे आले, कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन बहिणीला म्हणाला, “चल, साकोलीला जाऊ.”

साकोलीच्या बाजारात एका छायाचित्रकाराचे दुकान होते. लग्नाची चित्रणे तबकडीवर करून देण्याचा त्याचा धंदा केव्हाच बसला होता. परंतु कोपऱ्यात एक जुना, पिवळट पडलेला संगणक अजून होता आणि त्याच्या छातीवर तबकडीचा खण होता. दुकानदाराने तबकडी उजेडात धरून पाहिली, मऊ कापडाने मध्यापासून काठाकडे सरळ पुसली आणि खणात ठेवली. खण आत गेला. गुरगुर सुरू झाली, चढली, थांबली आणि पुन्हा सुरू झाली. मुलगी श्वास रोखून ऐकत होती. यंत्राला एखादी खूण उमगली नाही की ते गती कमी करून त्याच जागी पुन्हा पुन्हा डोळा लावून पाहते. अक्षर लागले नाही म्हणजे आजीही पोथीवर अशीच वाकते.

सर्व मिळून पाऊण तास लागला. “बहुतेक आले,” दुकानदार म्हणाला. “काठाकडचे थोडे राहिले. तिथला रंग गेला आहे.” तबकडीचे वाचन मध्यापासून सुरू होते, त्यामुळे आरंभ सुखरूप होता, शेवटच घायाळ झाला होता. त्याने ते सारे भावाच्या नखाएवढ्या पत्रात भरून दिले आणि तबकडीही पाकिटात घालून परत दिली.

त्या संध्याकाळी ओसरीवर पाटी भिंतीला टेकवून ठेवली गेली. भावाने कडेचे इवलेसे दार उघडून पत्र आत सरकवले. पडदा उजळला. कंदिलाच्या आणि दिव्यांच्या पिवळ्या उजेडात माणसांची दाटी, ढोलकी, टाळ. आणि त्यांच्या पुढे डोक्याला फेटा बांधलेला, तसबिरीतल्यापेक्षा बराच हसरा असा एक माणूस. त्याने हात कानाशी नेला आणि सूर लावला.

मुलीने आजीकडे पाहिले. आजी पडद्याकडे पाहत नव्हती. ती डोळे मिटून ऐकत होती.

एक गाणे झाले, दुसरे झाले. सोंगे आली आणि हशा पिकवून गेली. शेवटी आजोबा पुन्हा पुढे आले. त्यांनी नवे गाणे आरंभिले, दोन ओळी म्हटल्या. आणि त्यांच्या चेहऱ्याचे एकाएकी चौकोनी तुकडे झाले. आवाज तुटला. पडद्यावर उचललेला हात तसाच राहिला. भावाने बोटाने मागे-पुढे करून पाहिले. परंतु त्यापुढे काही नव्हते.

“काहून थांबले?” आजीने डोळे उघडून विचारले.

“तबकडी तिथंच खराब झाली आहे, आजी. पुढचं गेलं.”

आजीने थोडा वेळ त्या स्थिर हाताकडे पाहिले. मग अगदी हळू आवाजात, कोणाला ऐकवायचे आहे असा काही आव न आणता, ती तिसरी ओळ म्हणू लागली. चौथीही म्हणाली. टाळ नव्हते, ढोलकी नव्हती. सूर थोडा कापत होता, पण शब्द एकही अडला नाही.

मुलीने भावाचा हात घट्ट धरला. “थांब, आजी, थांब! पुन्हा पहिल्यापासून म्हण,” ती म्हणाली, आणि भाऊ घाईघाईने पाटीवर आवाज टिपण्याची कळ शोधू लागला.